सात मिलिमीटरची सळी

१

मंगळवारी सकाळी अकराला सोसायटीचे सेक्रेटरी बाजूच्या दाराने माझ्या दुकानात आले. काउंटरवर त्यांनी एक रुमाल ठेवला, पदर पदर उलगडला आणि आतल्या वस्तूकडे बोट करून म्हणाले, "ह्या सात मिलिमीटरच्या सळीने माणूस मारला."

माणूस मेला नव्हता. सी विंगमधले गणिताचे सर दवाखान्यात होते, जिवंत होते आणि तिथल्या चहाला नावं ठेवत होते. पण सेक्रेटरींना मेलेला माणूस जास्त सोयीचा पडत होता, म्हणून मी मध्ये तोंड घातलं नाही.

माझ्या दुकानावर पाटी आहे, 'वैयक्तिक वस्तू'. सोसायटीने एवढीच परवानगी दिली. आत मी पुरुषांनी मूत्रमार्गात घालायच्या सळ्या विकतो. होय, तिथेच. होय, मुद्दाम. होय, लोकांना आवडतं. हे तीन प्रश्न संपले की माणसं सहसा चौथा विचारतात, हळू आवाजात, आणि तो किमतीचा असतो.

विक्री होते ती रस्त्याकडच्या खिडकीतून. खिडकीला दुधी काच, खाली वीतभर फट. मला गिऱ्हाइकाचे फक्त हात दिसतात. नाव मी विचारत नाही, लिहीत नाही. त्या हातांसमोर व्हर्निअरने सळी मोजून दाखवतो, आकडा सांगतो, डबा सरकवतो. हात सगळ्या तऱ्हेचे येतात. पंधरा दिवसांपूर्वी एक गिऱ्हाईक दोन्ही हातांत रबरी मोजे घालून आलं होतं. मला त्याच्या स्वच्छतेचं कौतुक वाटलं.

"रविवारी दुपारी सरांनी स्वतःच ॲम्ब्युलन्स बोलावली," सेक्रेटरी सांगत होते. "मी वर गेलो तर सगळीकडे रक्त. आणि गृहस्थ भरदुपारी प्यायलेले! तोंडातून धड शब्द फुटत नव्हता, नुसतं बोबडं. पुरावा म्हणून मी हा डबा ताब्यात घेतला." त्यांनी डबा पुढे ठेवला, जेलच्या पाकिटांवरचं पुन्हा मिटलेलं कागदी वेष्टन एका चिमटीत उघडून दाखवलं. "तीन पाकिटं असतात ना? एक वापरलंय. आज सहाला सभा. तुमच्या भाडेकराराचं नूतनीकरण होणार नाही. संध्याकाळी सील."

त्यांचा अंगठा रबरी शिक्क्याच्या जांभळ्या शाईने कायमचा माखलेला असतो. तो त्यांनी सील हा शब्द उच्चारताना काउंटरवर दाबला. ठसा उमटला.

"त्या जागेत तुमच्या मेहुण्याचं झेरॉक्सचं दुकान येणार ना?" मी विचारलं.

"तो योगायोग."

मागच्या खोलीतून माझी आत्या बाहेर आली. आत्याने एकतीस वर्षं मूत्ररोगाचं ऑपरेशन थिएटर सांभाळलंय. सर्जन बदलले, डीन बदलले, आत्या आणि तिची अवजारांची मोजणी बदलली नाही. मोजणी जुळल्याशिवाय टाके घालू द्यायचे नाहीत, हा तिचा एकमेव धर्म. दुकान काढलं तेव्हा बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आत्या म्हणाली होती, "लोक पेनाची रिफिल घालतात, वायरी घालतात, आणि मध्यरात्री माझ्या टेबलावर येतात. त्यापेक्षा नीट वस्तू विक. मी बघते."

तिने रुमालाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग वेष्टनाच्या कोपऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सहा वाजेपर्यंत वेळ आहे ना?" ती म्हणाली. "मग बसा नाहीतर जा. उभे राहू नका, उजेड अडतोय."

२

सेक्रेटरी सळी आणि डबा तिथेच ठेवून गेल्यावर आत्याने कापसाचा बोळा घेतला आणि सळीवरून अगदी हलकेच फिरवला. एक तंतू अडकला नाही. मागच्या टोकाची चकती तिने जोर लावून पिरगळून पाहिली. चकती रुंद हवी आणि सळीसकट एकाच तुकड्यातून निघालेली हवी, नाहीतर सळी आत सरकून थेट मूत्राशयात जाऊन बसते आणि तिला परत बोलवायला सर्जन लागतो.

"वस्तूत खोट नाही," आत्या म्हणाली. "पण बनवणाऱ्याला विचारू."

लेथवाला मिस्त्री दोन गल्ल्या पलीकडे बसतो. आम्ही प्रश्न पूर्ण करायच्या आतच त्याने मशीन बंद केलं. हे त्याने मुलीच्या लग्नातही केलं नव्हतं.

"माझ्या सळीने? आत्याबाई, ऑपरेशनच्या अवजाराचं स्टील आहे ते. टोक मी अंड्यासारखं गोल करतो आणि वर तीन तास पॉलिश मारतो. गालावरून फिरवून बघतो."

"विकायच्या आधी?" मी दचकून विचारलं.

"उकळायच्या आधी," आत्या म्हणाली. "आणि उकळतो आपण. मिस्त्री, हिच्यावर माप कोरलेलं नाही, ते का?"

"कोरलं की तिथे धार राहते. म्हणून मी एक आकडा, एक अक्षर कोरत नाही. माप ज्याने घेतलं त्याच्या डोक्यात. लोक नाव कोरून मागतात, आत्याबाई! एकाला बायकोचं हवं होतं. मी म्हटलं, तिला पत्र लिही."

परत येताना मी म्हणालो, "मग सरांचीच चूक. दुसरी एखादी बारीक सळी घुसवली असेल."

"बारीक तू देतोस?"

देत नाही. नवखा माणूस नेहमी सगळ्यात बारीक मागतो, त्याला वाटतं बारीक म्हणजे सौम्य. बारीक सळी सुईसारखी वागते, भिंतीत घुसते. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याला मी मधलीच देतो, सात मिलिमीटरची. ह्यावरून माझं आणि दुधी काचेचं रोज भांडण होतं.

"मधली, गुळगुळीत, चकतीवाली," आत्या म्हणाली. "आणि तरी आतून फाटलं. माणूस ओरडून थांबायला हवा होता. तो का थांबला नाही?"

३

सर खाटेवर बसून दवाखान्याच्या बिलातली बेरीज तपासत होते. खाटेला लघवीची पिशवी लटकत होती.

"ये," ते मला म्हणाले. "तुझ्याकडून सात मिलिमीटरची घेतली आणि दोन आठवड्यांची नळी मिळाली. गुणोत्तर वाईट आहे."

"सर, मला माफ—"

"थांब. आधी ह्या बाईंना विचारू दे. त्यांच्याकडे बघून मला शाळेतली तपासणी आठवतेय."

आत्याने स्टूल ओढलं. "उकळली होती?"

"वीस मिनिटं. घड्याळ लावून."

"हात?"

"साबणाने, कोपरापर्यंत."

"मधे कुठे जोर लावला?"

"एका ठिकाणी अडल्यासारखं झालं. तुमच्या कागदावर लिहिलंय, अडली तर थांबा, दुखलं तर काढा, सळीच्या वजनाने जाईल तेवढीच जाऊ द्या. मी वाट पाहिली. दुखेना. म्हटलं दुखत नाही म्हणजे अडलेली नाही, मला तसं वाटतंय फक्त. थोडी ढकलली." सरांनी बिल उलटं ठेवलं. "तेव्हाही दुखलं नाही. रक्त बघून कळलं."

"दारू?"

"मी? माझ्या लग्नात लोकांनी माझ्या वाटचीही प्यायली."

"पण तुमची जीभ अडखळत होती म्हणे."

"ती अडखळत होती खरी! ॲम्ब्युलन्सवाल्याला पत्ता सांगता येईना. सेक्रेटरी आले, त्यांना एक शब्द सांगता आला नाही. ओठ असे जड, दाढ काढल्यावर होतात तसे. डॉक्टर म्हणाले, घाबरल्यामुळे."

आत्या पुढे वाकली. "सर, जेलचं पाकीट कशाने फोडलंत?"

सरांनी इतका वेळ न लाजता उत्तरं दिली होती. आता पहिल्यांदा ते लाजले.

"दातांनी."

"निर्जंतुक पाकीट! दातांनी!" आत्याचा आवाज वॉर्डच्या त्या टोकापर्यंत गेला. "वीस मिनिटं उकळायचं आणि मग दातांनी!"

"हात ओले होते हो."

"पाकिटावर काय छापलंय ते वाचलं नाहीत?"

"चष्मा काढून ठेवला होता. अशा वेळी स्वतःकडे चष्मा लावून बघवत नाही."

आत्याने पर्समधून सरांच्या डब्यातलं उरलेलं एक पाकीट काढलं, कात्रीने कोपरा कापला आणि थेंबभर जेल जिभेवर ठेवलं. आम्ही थांबलो. सरांनी सवयीने सेकंद मोजले. दोनशे दहाव्या सेकंदाला आत्या उठली आणि म्हणाली, "बधिर करणारं आहे." पण ते तिला तीनदा म्हणावं लागलं.

४

माझ्या डब्यात साधं निर्जंतुक जेल असतं. बधिर करणारं मी ठेवत नाही, मागितलं तरी देत नाही. म्हणजे कोणीतरी पाकिटं बदलली होती. सरांच्या डब्यातली तिन्ही.

मी दुकानात धावलो आणि फळीवरचे डबे उघडले. एक, दोन, तीन. आठही डब्यांत तेच.

"हा लॉट वीस डब्यांचा," आत्या म्हणाली. आता तिची जीभ ठिकाणावर आली होती. "आठ इथे. एक सरांचा. अकरा बाहेर."

अकरा माणसं, अकरा बंद दारं, आणि एकालाही दुखणार नाही. सभा, सेक्रेटरी, झेरॉक्सचं दुकान, सगळं एकदम लहान झालं.

असं जेल आमच्याकडे मिळतं एकाच ठिकाणी, समोरच्या केमिस्टबाईंकडे. त्या मला भाऊ म्हणतात आणि माझ्या दुकानाकडे पाठ करून बसतात.

"विकलं," त्या म्हणाल्या. "साठ पाकिटं, एकाच माणसाला. कोणाला ते नाही सांगणार."

"ताई, माणसांच्या जिवाशी खेळ आहे!"

"भाऊ, ह्या काउंटरवर मी आज नाव सांगितलं, तर उद्यापासून मूळव्याधीचं औषध घ्यायला लोक दुसऱ्या गावाला जातील. तुम्ही सांगता का तुमच्यावाल्यांची नावं?"

मी आत्याकडे पाहिलं.

"आम्हाला नाव नकोच आहे," आत्या म्हणाली. तिने सरांच्या डब्यातलं वेष्टन जुन्या घड्यांवरून मिटून माझ्यासमोर धरलं. "हे तू बांधलंस?"

मी वेष्टन सरळ बांधतो आणि चिकटपट्टी मारतो. ह्याला चिकटपट्टी नव्हती. कागद एकात एक अडकवला होता आणि एक कोपरा उलटा मोडून बाहेर काढला होता, कानासारखा.

"थिएटरची घडी आहे ही," आत्या म्हणाली. "कान ओढला की गुंडाळी आपोआप उघडते, आतल्याला हात लागत नाही. ह्या भागात अशी घडी घालणारी दोनच माणसं आहेत."

"एक कोण?"

"मी."

५

दुसरे दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बिस्किटं खात होते. बिस्किटांच्या पुड्याचा कागद त्यांनी एका बाजूला कान काढून मोडला होता.

त्यांना सगळे मामा म्हणतात. पंचवीस वर्षं ते आत्याच्या थिएटरमध्ये अवजारं उकळत होते. रिटायर झाल्यावर घरी सुनेची टीव्ही मालिका आणि त्यांची दुपार एकाच वेळेला यायला लागली, म्हणून महिनाभरापासून ते माझ्याकडे डबे भरायला येतात.

"मामा," आत्या म्हणाली, "पाकिटं तुम्ही बदललीत?"

"बदलली की," मामा म्हणाले. चोरी पकडली गेल्याची एक रेघ चेहऱ्यावर नाही, उलट जरा अभिमानच. "सिस्टर, मी ह्याचा माल बघितला आणि माझ्या अंगावर काटा आला. साधं जेल! आपल्याकडे जन्मात कधी बधिर केल्याशिवाय नळी घातली का आपण? कसायाचं काम आहे हे. पोराला सांगितलं तर म्हणाला परवडत नाही—"

"मी म्हणालो होतो चालत नाही," मी म्हणालो.

"मला वाटलं तू चिक्कूपणा करतोयस. म्हणून मी माझं मी आणलं. बिचाऱ्यांना दुखायला नको."

आत्या खाली बसली. थिएटरमध्ये ती कधी बसली नसावी, कारण मामा घाबरून उभे राहिले.

"मामा, तिथे नळी कोण घालत होतं?"

"डॉक्टर."

"बारा वर्षं शिकलेला माणूस. त्याच्या बोटांना कळतं कुठे थांबायचं. घरी एकट्या माणसाला ते कोण सांगणार? तिथे आपण दुखणं बंद करत होतो, कारण समोर डॉक्टर होता. इथे दुखणं हाच डॉक्टर आहे. तुम्ही वीस डब्यांतून डॉक्टर बाहेर काढलात."

मामांनी हातातलं बिस्कीट पुड्यात परत ठेवलं. कान नीट मोडला.

"सर?" त्यांनी विचारलं.

"बरे होतील."

"बाकीचे?"

तेवढ्यात बाजूच्या दारावर टकटक झाली. सेक्रेटरी.

६

ते कागद घेऊन आले होते. टाईप केलेला, एकाच ओळीचा: सरांनी वस्तूचा बेजबाबदार वापर केला, दुकानदाराचा संबंध नाही.

"सही करा," ते म्हणाले. "तुमचं नाव स्वच्छ राहील. तीन महिने देतो, दुसरीकडे जागा बघा. गाजावाजा नको. असल्या विषयाची सभेत चर्चा नको, बायकामाणसं असतात."

मागे मामा भिंतीला टेकून उभे होते. खरं सांगितलं तर दोष माझ्या दुकानाचा, आणि दुकान सहाला बंद. सही केली तर तीन महिने, पण सर बेजबाबदार ठरणार आणि त्या अकरा जणांना कोणीच काही सांगणार नाही. नावं माझ्याकडे नव्हती. नावं नसणं हाच माझा धंदा होता. त्यांच्यापर्यंत पोचायचा एकच रस्ता होता, आणि तो मला सोसायटीने बंद करून ठेवला होता: मोठ्याने बोलणं.

मी कागदाची घडी घातली. एक कोपरा बाहेर मोडला. परत दिला.

"सहाला भेटू," मी म्हणालो. "आणि बायकामाणसांना आवर्जून बोलवा. नळ्या सगळ्यांना असतात."

सेक्रेटरी गेल्यावर आत्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, थिएटरमध्ये बरोबर कात्री हातात देणाऱ्याकडे ती त्याच नजरेने बघत असणार.

"एक सांग," ती म्हणाली. "सळीवर माप नाही. मग सकाळी सेक्रेटरींनी ते सांगितलं कसं?"

"सरांनी सांगितलं असेल."

"जीभ बधिर होती त्यांची."

मी तोंड उघडलं. मग आठवलं, वेष्टन सेक्रेटरींनी फाडलं नव्हतं. पहिल्यांदा बघणारा माणूस फाडतो. त्यांनी कान ओढला होता, एका चिमटीत. डब्यात तीन पाकिटं असतात हेही त्यांना ठाऊक होतं. आणि रबरी मोजे! आत जांभळा अंगठा होता!

"आत्या, आज सभेत मी ह्या माणसाचं—"

"काही करणार नाहीस," आत्या म्हणाली. "केमिस्टबाईने तोंड उघडलं नाही, आणि तू उघडणार? कोणाची सळी दाखवून आपण दुकान वाचवायचं नाही."

७

सभेला पार्किंगमध्ये साठ खुर्च्या होत्या आणि नव्वद माणसं. पाणी येत नाही ह्या विषयावर कधी सतराच्या वर आली नव्हती.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. काय विकतो ते त्याच्या नावाने सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, कुठे?" आणि शेजारच्या काकूंनी त्यांना सांगितलं. मग मी पाकिटांबद्दल सांगितलं. चूक माझ्या दुकानात झाली, माझी झाली. मामांचं नाव घेतलं नाही. पण मामा स्वतःच उठले, "माझी," म्हणाले, आणि बसले.

"बधिर वगैरे थापा आहेत!" सेक्रेटरी ओरडले. "सर दारू प्यायलेले होते. ह्यात काय जादू आहे, बघू इकडे!" त्यांनी माझ्या हातातलं पाकीट हिसकावलं आणि सगळ्यांसमोर अर्धं जिभेवर पिळलं. "हे बघा! काहीही होत नाही!"

आत्या घड्याळाकडे बघत बसली.

त्याच वेळी रिक्षा थांबली. सर उतरले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून नळी त्यांच्या लेंग्यात गेलेली.

"मी आजच सुटलो," सर म्हणाले. "ऐकलं की माझ्यावर ठराव आहे. मी एक्कावन्न वर्षांचा आहे. ती सळी मी घेतली, माझ्या पैशाने, माझ्या शरीरासाठी, माझं दार लावून. मला ते आवडतं. बरा झालो की डॉक्टरांना विचारून पुन्हा करीन, चष्मा लावून करीन. ज्यांना लाज वाटत असेल त्यांनी ती वाटून घ्यावी, माझ्याकडे उरलेली नाही. आता कोणीतरी खुर्ची द्या, ही पिशवी भरत आलीय."

चार खुर्च्या एकदम पुढे आल्या.

सेक्रेटरी ठराव वाचायला उठले. तोंडातून आलं ते शब्द नव्हते. त्यांनी पाणी प्यायलं, ते हनुवटीवरून ओघळलं. पुन्हा प्रयत्न केला. बोबडं, अगदी रविवारच्या सरांसारखं. हसणारे हसले. पण मी त्यांचा चेहरा बघत होतो. तो पांढरा पडला होता. घरी कपाटात काय ठेवलंय, हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

ठराव वाचला न गेल्यामुळे मतदान पुढच्या रविवारी ढकललं.

८

बुधवारी सकाळी मी 'वैयक्तिक वस्तू' काढली. तिथे शटरभर फळा लावला. अक्षर मामांचं, औषधाच्या बाटलीवरचं, सुवाच्य:

'ह्या दुकानातून मूत्रमार्गात घालायची सळी ज्यांनी महिन्याभरात घेतली, त्यांनी डब्यातलं जेल वापरू नये, परत आणावं. ते चुकून बधिर करणारं गेलंय. दुखणं बंद करून सळी कधीही घालू नये. अडली तर ढकलू नये. रक्त थांबत नसेल, ताप आला, लघवी अडली तर दवाखान्यात जावं आणि डॉक्टरांना खरं सांगावं. त्यांनी ह्याहून पुष्कळ पाहिलंय.'

आजूबाजूची मुलं वाचून खिदळली, त्यांचे बाप वाचून थांबले. केमिस्टबाईंनी खुर्ची फिरवली आणि पहिल्यांदा आमच्याकडे तोंड करून बसल्या. लेथवाला येऊन म्हणाला, पॉलिशचा उल्लेख राहिला.

मामा खिडकीशी बसले. फटीतून पाकिटं आली की नवी, साधी देत आणि प्रत्येक हाताला सांगत, "बाबा रे, इथे दुखणं हाच डॉक्टर." दुपारपर्यंत चार आले. दोघे तर काचेला वळसा घालून सरळ दारातून आत आले आणि सरांची तब्येत विचारून गेले. शनिवारी आत्याने मोजलं. दहा.

"एक कमी," ती म्हणाली. "टाके घालायचे नाहीत."

"आत्या, तो नाही येणार."

"थांब."

रविवारी सकाळी साडेनऊला फटीतून एक हात आत आला. मोजा नव्हता. अंगठा जांभळा. तळहातावर तीन पाकिटं, तिन्ही बंद.

मामांनी नवी तीन पुढे केली आणि आपलं वाक्य म्हटलं. हात पाकिटं घेऊन गेला आणि परत आला. ह्या वेळी त्यात एक कागद होता, तो त्याने फटीतून सरकवला आणि निघून गेला.

"अकरा," आत्या म्हणाली आणि चष्मा पुसायला घेतला.

कागद माझ्या भाडेकराराच्या नूतनीकरणाचा होता. पाच वर्षं, सही, शिक्का. घडी घातलेला होता, आणि उघडायला सोपा जावा म्हणून एक कोपरा बाहेर मोडलेला.